ग्वाक काकूंचा पहिला ‘पूर्ण’

सोलमधलं सरकार आपल्या शंभर आर्थिक सुधारणांचा डंका पिटायचं, तेव्हा हेसोंगपो बंदरातल्या ग्वाक ओक-बुन काकू बूट चढवायच्या. एका नागरिक संस्थेसाठी त्या या सुधारणांची पडताळणी करत. दर तीन महिन्यांनी तक्ता यायचा. प्रत्येक सुधारणेपुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ लिहायचं आणि शेरा मारायचा. बाकीचे लोक मंत्रालयाची पत्रकं वाचून घरबसल्या तक्ता भरत. काकू स्वतः रांगेत उभ्या राहत. सहा वर्षांत त्यांनी ‘पूर्ण’ एकदाही लिहिलं नव्हतं आणि, खोटं कशाला बोला, त्याची त्यांना चांगलीच घमेंड होती.

सरकारवरचा हा सगळा राग दोक-सूपायी, म्हणजे नवऱ्यापायी. बोटीवरचं काम सुटल्यावर त्याला घराच्या पुढच्या खोलीत शिंपल्यांच्या रश्शातल्या नूडल्सची खाणावळ काढायची होती. परवान्यासाठी बिचाऱ्याने दोन वर्षं अकरा खिडक्यांवर हेलपाटे घातले आणि बाराव्या खिडकीआधीच तो गेला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

आणि या खेपेच्या तक्त्यात त्रेचाळिसावी सुधारणा होती: छोट्या खाणावळीचा परवाना, एकाच खिडकीवर, एकाच दिवसात.

“हे तर मी उभं चिरते,” असं म्हणून काकू कागदपत्रं घेऊन नगर कार्यालयात गेल्या. आरोग्य तपासणीचा दाखला त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता.

खिडकीवर ना ह्ये-रीम नावाची गालांवर खळ्या पडणारी मुलगी होती. काकूंना खळ्यांचाही राग आला.

“आरोग्याचा दाखला नाहीये गं. आता उद्या यायचं ना?”

“कशाला, काकू? इथे संगणकावर दिसतोय की. गेल्याच महिन्यात काढलाय तुम्ही.”

“बरं, मग अग्निशमनवाल्यांची खिडकी कुठेय?”

“इतक्या छोट्या जागेला ते लागत नाही आता.”

“शिक्का? वरच्या साहेबांची सही? काहीतरी माग की!”

“चहा मागवू का तुमच्यासाठी?” ह्ये-रीम हसली.

छपाईयंत्र घरघरलं. काकूंनी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

“घ्या, मालकीणबाई! उद्घाटनाला बोलवाल ना?”

“अगं, मला कुठे खाणावळ काढायचीय! मी नुसती तपासायला आलेय.”

“मग आधी नाही का सांगायचं? आता तर झालात तुम्ही मालकीण!”

एरवी काकूंनी तिला चार शब्द सुनावले असते. पण परवान्यावरचा पत्ता दिसला, त्या पुढच्या खोलीचा, आणि परवाना घेऊन त्या तशाच बाहेर पडल्या. कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसल्या. दोक-सूची इतकी आठवण त्यांना वर्षश्राद्धालाही झाली नव्हती.

तक्ता मांडीवर होता. ‘अपूर्ण’ लिहिलं असतं तर सोलहून कोण बघायला येणार होतं? सहा वर्षांची इभ्रतही राहिली असती. काकूंनी दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. शेवटी दात-ओठ खात लिहिलं, ‘पूर्ण’.

मग शेऱ्याच्या रकान्यात, ओळीबाहेर जाईल इतक्या मोठ्या अक्षरात: ‘होतं. चाळीस मिनिटांत होतं. मग माझ्या माणसाला दोन वर्षं का फिरवलंत?’