उघड्या फटींची फरशी

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीला सिमेंटचं वेड लागलं. जिल्ह्याच्या गावात राहायचं आणि दारात माती? छे! त्यात दुष्काळ. नळाला थेंब नव्हता, टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. भरवसा होता तो फक्त उतारावरच्या आडाचा.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं त्या आडाचं पाणी तपासलं अन् त्यात शिसं निघालं. गल्लीच्या वरच्या अंगाला बॅटरी दुरुस्तीची दुकानं; पाऊस पडला की तिथला सगळा मळ वाहत आडात. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "आड बुजवून टाकू." बुजवा म्हणे! मग लोकांनी काय साहेबांचं भाषण प्यायचं?

आक्कानं एका पावसाची मुदत मागून घेतली. गल्लीनं आड उपसून गाळ काढला. मग दुकानांपुढं तिनं दगडी फरशी बसवून घेतली, पण सिमेंटशिवाय, फटी उघड्या ठेवून. खाली खडी, त्याखाली वाळूचा जाड थर. पाणी वाहायचं नाही, जागीच मुरायचं. शिसं वाळूत अडकायचं. वरची वाळू मधूनमधून बदलायची, एवढंच.

"फटी ठेवल्या म्हंजे काम अर्धवटच की वो, आक्का," व्यापारी हसायचे. तिच्या जागी मी असतो तर एखादा दगड कुणाच्या तरी टाळक्यात घातला असता. ही बाई पदर खोचून भर उन्हात वाळू चाळत होती, वर त्यांनाच चहा पाजत होती.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार. आईनं गल्लीतल्या बायका जमवल्या. नवी जागा, महादेवाचा वार, सारवल्याबिगर कशी वापरायची? लेकीच्या कौतुकापायी तिनं अख्खी फरशी शेणानं सारवून घेतली. फटी गच्च! वर ठसठशीत रांगोळी.

दुपारी आक्का आली आणि बघून मटकन खालीच बसली. वर वळवाचं आभाळ भरून आलेलं. मी आईवर तोंड सोडणार, तेवढ्यात आक्कानं माझा हात दाबला.

"आई, लई देखणं केलंस गं," ती म्हणाली. "पण पाण्याला खाली जायची वाटच बुजली. खरवडावं लागतंय."

काय म्हणावं या बाईला! एक शब्द वाकडा नाही. बायका घरातनं उलथनी घेऊन धावल्या, बॅटरीवाले स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. गुडघ्यावर बसून आम्ही फट न् फट मोकळी केली, आणि पाऊस आला. पाणी फरशीवर पडलं, जरा थबकलं अन् खाली उतरलं. आडाकडं ओघळ गेला नाही. बायकांनी केवढा गलका केला!

आठवड्यानं आक्कानं आडाचं पाणी पुन्हा तपासलं. घरी आली, "चांगलं हाय" एवढंच म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

"अगं, मग रडायलीस कशाला?" आई घाबरली.

"मी तपासलंच नसतं तर कुणी आड बुजवायचं नाव काढलं नसतं. ऐन दुष्काळात गल्लीचं पाणी माझ्यामुळं तुटतंय, असं रोज वाटायचं गं."

इतके दिवस ती हे पोटात घेऊन हसत होती. आम्हाला पत्ताच नव्हता.

आई तशीच उठली. आडावर गेली, तांब्या भरून आणला, लेकीसमोर उभं राहून स्वतः घटाघटा प्यायली. मग उरलेला तिच्या हातात दिला.

"आता तू पी."