अठ्ठावीस पुस्तकं आणि एक नोंद

दर तीन वर्षांनी मला लेखी सिद्ध करावं लागतं की मी अजूनही ग्रंथपाल आहे. पुण्यात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली तेव्हा माझी अशी समजूत होती की एकदा झालं की झालं. न्यूझीलंडमध्ये तसं नाही. इथे व्यावसायिक ग्रंथपालांची नोंदणी असते आणि ती टिकवायची तर तीन वर्षांत आपण काय काय शिकलो याची नोंदवही भरून पाठवावी लागते. दोन अनुभवी ग्रंथपाल ती वाचतात आणि आपल्याला पुढची तीन वर्षं ग्रंथपाल राहू देतात, किंवा देत नाहीत. लोअर हटच्या लायब्ररीतल्या माझ्या नेमणुकीच्या पत्रात ही नोंदणी चालू असण्याची अट आहे. नोंदणी गेली तर पुस्तकं निवडायचं काम जाणार आणि मी परत आलेली पुस्तकं फडताळात लावायला जाणार. ते काम वाईट नाही. इथे आल्यावर मी ते सहा वर्षं केलं. पुन्हा करायचं नव्हतं, इतकंच.

पहिल्या खेपेला मी नोंदवहीबरोबर एक फाइलही तयार केली होती. कार्यशाळांची सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून, प्रत्येकाची झेरॉक्स, झेरॉक्सवर माझी सही. माझी टीम लीडर माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, उन्हाळ्यात ऑफिसात जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरते आणि डोक्याने भलतीच तल्लख आहे. तिने फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे पाहिली, "सुंदर आहे," म्हणाली आणि मला परत दिली. प्रमाणपत्रं कोणालाच नको होती. काय केलं, त्यातून काय शिकले आणि त्यामुळे कामात काय बदललं, एवढंच लिहायचं होतं. फाइल अजून घरी आहे. लॅमिनेशन चांगलं झालंय.

या खेपेला म्हणून मी तयारीत होते. नोंदी भरपूर होत्या. माओरी पद्धतीने स्वतःची ओळख करून द्यायला शिकले, ती नोंद होती. त्यात आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग कुळ, आणि सगळ्यात शेवटी आपलं नाव. मी सगळ्या स्टाफसमोर उभी राहून 'किया ओरा', म्हणजे नमस्कार, म्हणाले आणि माझा डोंगर पर्वती व नदी मुठा असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी आदराने मान डोलावली. मुठेबद्दल कोणी पुढे काही विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. अशा बऱ्याच नोंदी. मी जे जे हाती घेतलं ते ते यशस्वी झालं, असं त्या वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असतं.

आलंच. नोंदवही परत आली. शेरा सभ्य होता. नोंदी भरपूर आहेत, छान आहेत, पण तीन वर्षांत एकदाही काही चुकलेलं दिसत नाही. तेव्हा आपण नेमकं शिकलात कुठे? एका चुकलेल्या कामावर प्रामाणिकपणे लिहा आणि महिनाअखेरीस नोंदवही पुन्हा पाठवा. नाहीतर नोंदणी संपेल.

मला भयंकर राग आला. पुण्यात मी चार वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं होतं. कागदावर फक्त झालेलं काम येतं, हा तिथला पहिला धडा. तपासणीत जी पुस्तकं सापडायची नाहीत त्यांच्यापुढे आम्ही 'शोध चालू' असं लिहायचो. मी नोकरी सोडली तेव्हाही तो चालूच होता. आपल्या हाताने आपली चूक लिहून, वर ती दोन अनोळखी माणसांना पाठवायची, आणि त्याबद्दल त्यांनी आपल्याला पास करायचं, हे माझ्या पचनी पडेना.

शेवटी मी एक चूक शोधली. मुलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी प्रोजेक्टरची केबल आणायला विसरले होते. त्यातून पूर्वतयारीचं महत्त्व शिकले, असं अर्धं पान लिहिलं आणि टीम लीडरला दाखवलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"चूक."

"ही चूक नाही. ही केबल आहे." मग कागद परत देत म्हणाली, "तू त्या मराठी पुस्तकांवर का लिहीत नाहीस?"

त्या पुस्तकांबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे खिडकीजवळ वेगवेगळ्या भाषांची फडताळं आहेत. त्यात एक खण मराठीचा होता, अठ्ठावीस पुस्तकांचा. जी पुस्तकं दोन वर्षांत कोणी घरी नेली नाहीत ती बाद करायची, असा साधारण दंडक आहे. गेल्या वर्षी मी भाषांच्या फडताळांचे आकडे काढले. मराठीपुढे शून्य. कोणी एकही पुस्तक नेलं नव्हतं. लायब्ररीत बसून वाचलेली पुस्तकंही आम्ही मोजतो. लोकांनी ती टेबलावर तशीच ठेवायची, मग आम्ही स्कॅन करून जागेवर लावतो. तिथेही शून्य. टीम लीडर म्हणाली होती, "हीप्स जागा आहे, राहू देत ना." मी म्हणाले, "आकडे म्हणजे आकडे." आणि एका सकाळी ट्रॉली घेऊन गेले, अठ्ठावीसही काढली, शिक्के मारले आणि धर्मादाय विक्रीला पाठवून दिली. मला तेव्हा आपण फार निःपक्षपाती असल्यासारखं वाटलं होतं.

पुढे काही आठवड्यांनी टीम लीडरने सहज विचारलं, "तुझे ते नातेवाईक हल्ली येत नाहीत?"

माझे लोअर हटमध्ये कोणीही नातेवाईक नाहीत.

"ते गं, ग्रे स्वेटरवाले. रोज खिडकीशी बसून ती पुस्तकं वाचायचे. आणि किती व्यवस्थित परत जागेवर ठेवायचे! सो लव्हली."

ते काका मला माहीत होते. येता-जाता नमस्कार व्हायचा. मला वाटायचं ते पेपर वाचतात. हे ऐकल्यावर मी विषय बदलला आणि कामाला लागले. नोंदवहीत मात्र त्या वर्षाखाली लिहिलं: 'आकडेवारीच्या आधारे भाषासंग्रहाचं पुनरावलोकन, यशस्वी.'

महिना संपायला नऊ दिवस होते. ज्या माणसाबद्दल लिहायचं त्याला आधी विचारलं पाहिजे, एवढं तर मला कोणत्याही कार्यशाळेशिवाय कळत होतं. काका शोधायला अवघड गेले नाहीत. लायब्ररी सुटलेला, गाडी न चालवणारा निवृत्त माणूस अकरा ते एक या आपल्या वाचनाच्या वेळात दुसरीकडे जाणार कुठे? ते मॉलच्या फूड कोर्टात होते, भिंतीकडच्या टेबलाशी, समोर रिकामा कप.

"अरे, लायब्ररीतल्या मॅडम! या, बसा."

मी बसले. इकडचं तिकडचं झालं. ते ठाण्याहून मुलाकडे आले होते, कायमचे. मुलगा आणि सून दोघंही सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जातात, नातू शाळेत. नातवाला मराठी कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात. नोंदणीसाठी मला त्या मराठी पुस्तकांबद्दल लिहायचं आहे आणि त्यात तुमचाही उल्लेख येईल, हे मी सांगितलं. मग विचारलं, पुस्तकं घरी का नेत नव्हता?

"कार्ड कुठंय? त्याला पत्त्याचा पुरावा लागतो. सगळी बिलं मुलाच्या नावावर. त्याला कशाला त्रास द्यायचा? बसून वाचायला काही लागत नव्हतं."

"आणि वाचून झाल्यावर जागेवर का ठेवायचात? टेबलावर ठेवा, अशी पाटी होती."

"वाचली मी पाटी. पण वाचलेलं पुस्तक तसंच टाकून उठायचं? शोभतं का ते?"

म्हणजे असं होतं. ते रोज दोन तास वाचत होते, आणि त्यांच्या चांगल्या वळणामुळे माझ्या तक्त्यात रोज शून्य पडत होतं.

"तुम्ही ट्रॉली घेऊन आलात, त्या दिवशी मी तिथेच होतो," काका म्हणाले. "हातातलं होतं, तेही तुम्हाला दिलं."

मला आठवलं. यादीतलं एक पुस्तक सापडत नव्हतं आणि कोणीतरी ते पुढे केलं होतं. मी 'थँक्यू' म्हणून ते ट्रॉलीवर ठेवलं होतं. वरसुद्धा पाहिलं नव्हतं.

"बोलला का नाहीत काका?"

"तुम्हाला वरून सांगितलं असणार. म्हटलं, आपल्या माणसाला उगाच कशाला अडचणीत आणायचं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच काढली."

"तुम्हीच? का हो?"

"उद्या कोणी म्हणायला नको, ही आपल्याच भाषेची पुस्तकं सांभाळत बसते."

"कोणी म्हणालं होतं?"

"नाही."

काकांनी रिकामा कप बाजूला सरकवला. माझी मान वर होत नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

"त्या दिवशी हातात होतं, त्यातली पंचवीस-तीस पानं राहिली होती," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाले, "लिहा तुम्ही. माझं नाव तेवढं घालू नका, मुलाला वाटेल मी कागाळी केली."

त्याच संध्याकाळी मी ते सगळं लिहून काढलं. काय केलं, तर पुस्तकं काढली. का काढली, तेही लिहिलं, पहिल्यांदाच. पुढे काय करणार या चौकटीत, खण पुन्हा उभा करायचा, आणि आकडे बघायच्या आधी खुर्चीतल्या माणसाशी बोलायचं, असं लिहिलं. लॅमिनेट करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. नोंदणी तीन वर्षांसाठी कायम. शेऱ्यात ती एकच नोंद वाखाणली होती, बाकीच्या बेचाळीस नोंदींबद्दल अवाक्षर नव्हतं. टीम लीडर "स्वीट ॲज!" म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', आणि तिने कॅरट केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले. जुनी पुस्तकं विक्रीतून कुठे गेली त्याचा पत्ता लागला नाही, पण नव्यांच्या खरेदीला तिने तिथल्या तिथे होकार दिला.

ते सांगायला मी जेवणाच्या सुट्टीत फूड कोर्टात गेले. मला पाहताच काका अर्धवट उठले.

"झालं का तुमचं ते रजिस्ट्रेशन?"

"झालं."

"मग झालं तर!" ते म्हणाले. चेहरा इतका खुलला की जणू इतके दिवस त्यांचंच काहीतरी अडून बसलं होतं.

पुस्तकांचं त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं, नवी मागवली आहेत, यायला वेळ लागेल, पण येणार. कार्डासाठी मुलाचं एक पत्र चालेल, तेही मी विचारून आले आहे.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते ठीक आहे. पण माझ्यापायी तुम्ही वरच्यांची बोलणी खाऊ नका हं."

वर कोणी नाही, काका, वर मीच होते, हे माझं त्यांना एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायला गेले तर मला रडू आलं. सुट्टीची दहा मिनिटं उरली होती, ती मी तिथेच बसून काढली.