राखगडाचे वकील

ज्या गोष्टीची बाजू घ्यायला कोणी तयार नसे, तिची बाजू ते घेत. म्हणून चिकलठाण्यातल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत. कोर्टकचेरीशी त्यांचा काही संबंध नव्हता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला भाग मापाचे गेज लावून तपासायचा आणि पास की नापास ते ठरवायचे, हे त्यांचे काम. लग्न केले नव्हते. आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत. त्यांचा अशील एकच होता, आणि तो म्हणजे एक व्हिडिओ गेम.

ज्या वाचकांचा अशा खेळांशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या प्रकारात खेळणारा एका काल्पनिक प्रदेशातल्या नायकाची भूमिका घेतो, लढतो, शिकतो आणि हळूहळू बलवान होतो. वकीलसाहेबांच्या खेळाचे इंग्रजी नाव लांबलचक होते. त्यांनी त्याचे ‘राखगड’ केले होते, कारण त्यातल्या जळालेल्या किल्ल्यावर सतत राख पडत असते. बाजारात हा खेळ साफ पडला होता. सुरुवातीला नायकाच्या हातात तलवार नसते, फक्त एक कंदील असतो, आणि तो घेऊन एक लांब, अंधारा पूल ओलांडायचा असतो. बहुतेक लोक त्या पुलावरच कंटाळून खेळ सोडत आणि इंटरनेटवर खेळाडूंच्या मतांच्या पानावर जाऊन त्याला शिव्या देत.

त्या पानावरच्या प्रत्येक प्रतिकूल मताखाली वकीलसाहेब इंग्रजीत एकच प्रश्न लिहीत: पूल ओलांडला का? त्यापुढे वाद घालत नसत. स्वतःचे मत मात्र त्यांनी कधीच लिहिले नव्हते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “सर, नापास करायचा तरी भाग पूर्ण मोजावा लागतो. पास करायचा तरी पूर्ण मोजावा लागतो. मी अजून शेवट पाहिला नाय.” इतकी वर्षे ज्याची वकिली केली, त्याचा शेवट या गृहस्थाने पाहिलेला नाही, हे ऐकून मी चकित झालो. पण हे पुढचे झाले. आमची ओळख कशी झाली ते आधी सांगतो.

मी एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. पालकसभेत ‘व्हिडिओ गेम आणि विद्यार्थी’ या विषयावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले होते. ऐकीव माहितीवर बोलणे मला पटत नाही, म्हणून एका रविवारी सकाळी काही प्रश्न तयार करून मी वर गेलो. त्यांनी माझा पहिला प्रश्न शांतपणे ऐकला.

“सर, पूल ओलांडला का?”

“कोणता पूल?”

“मग बसा. काय जल्दी आहे? आधी पूल ओलांडा, मग बोलू.”

त्यांनी मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवले, बटणांचा कंट्रोलर हातात दिला आणि चहा ठेवला. पूल पार होईपर्यंत नवख्याशी एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. मी खाली पडत होतो, पुन्हा सुरुवातीला येत होतो. ते फक्त रिकामा कप भरत. शेवटी डाव्या बाजूची भिंत धरून चालायचे, हे माझे मलाच उमगले. पलीकडे पाय टाकला तर राखेतून एक उंच मनुष्य कंदील उंचावून पुढे आला. मी दचकून विचारले, “हा कोण?”

“हा?” वकीलसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. “आपला माणूस आहे. आता विचारा काय विचारायचं ते.”

तो मुका पहारेकरी खेळभर नायकाबरोबर चालतो. बोलत नाही, मागत नाही. नायकावर येणारे घाव अनेकदा स्वतःवर घेतो. मी पालकसभेत काय बोललो ते आता आठवत नाही. त्यानंतरचे माझे रविवार मात्र वरच्या मजल्यावर गेले.

लोकांची मते मोठ्याने वाचणे हा आमचा नेहमीचा कार्यक्रम असे. नायक फार लवकर दमतो, अशी एकाची तक्रार होती. “दमणारच,” वकीलसाहेब म्हणाले. “सेकंड शिफ्ट करून ह्याला जिना चढायला लावा म्हणावं.” खेळात नकाशा नाही, ही तक्रार मात्र मला रास्त वाटे आणि मी ती पुनःपुन्हा मांडत असे. “मग काढा ना सर, तुमचं पोट त्याच्यावरच आहे,” असे म्हणून ते मला गप्प करीत.

एकदा दौलताबादच्या किल्ल्याला गेलो होतो. तिथल्या ‘अंधारी’ नावाच्या काळोख्या भुयारी वाटेत शिरताच माझा हात आपोआप डाव्या भिंतीला गेला. त्या भिंतीला टेकून एक कुटुंब बोरे खात बसले होते, त्यांच्यातल्या आजींच्या मांडीवरच मी जवळजवळ कोसळलो. “आगं बया, आंधळा हाय का काय ह्यो?” आजी म्हणाल्या. वकीलसाहेब हसून हसून खाली बसले. “माफ करा आजी, मास्तर आहेत. राखगडात शिकले.” त्या काळोखात ते सराईतासारखे चालत होते. बाहेर लख्ख उन्हात आल्यावर मात्र त्यांचा उजवा खांदा दगडी चौकटीवर आपटला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एका कमानीवर. आम्ही त्यावरही हसलो.

पुढच्या महिन्यांत खेळातही त्यांच्यावर बाजूने आलेले घाव बसू लागले. समोरचा शत्रू ते अचूक टिपत. कडेने येणारा त्यांना कळतच नसे. मग कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीत काचबिंदू निघाला. हा विकार नजर कडेकडून खात आत येतो आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले. कारखान्याने त्यांना तपासणीवरून काढून स्टोअरमध्ये बसवले. गेज हातातून गेले त्या दिवशी ते चहा न करता नुसते बसून होते. मी खाली जाऊन चहा करून आणला.

शेवट का पाहिला नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितले. राखगडाचा शेवटचा दरवाजा वर उचलून धरावा लागतो, आणि तो पहारेकरी धरतो. नायक बाहेर पडतो. मग पाठीमागची राख आपल्या मुलखात शिरू नये म्हणून दरवाजा पाडायचा असतो, आणि तो खेळणाऱ्यानेच बाहेरून पाडायचा असतो. पहारेकरी आतच राहतो. हे त्यांनी लोकांच्या मतांमध्ये वाचले होते. “त्या दारापर्यंत मी कितीदा तरी गेलो,” ते म्हणाले. “तिथून वापस येतो.”

थोडे थांबून पुढे म्हणाले, “अब्बा गेले तेव्हा भाईजान नववीत होते. शाळा सोडली. म्हणले, तू शिक, वावराचं मी बघतो. मी देवगाव रंगारीहून एसटीत बसलो, ते फाट्यावर उभे होते. आता ईदला जातो. जेवतो, निघतो. बोलायला काय असतं?”

शिक्षकाला प्रत्येक वाक्यानंतर काहीतरी बोलण्याची खोड असते. ती त्या दिवशी आवरली.

नजर मधोमध एखाद्या नळीएवढी उरली, तेव्हा एका रविवारी त्यांनीच कंट्रोलर माझ्या हाती दिला. “तुम्ही खेळा. मी ऐकतो. मला मत द्यायचंय, आणि आता टाइम नाय.” मी आमचा नायक शेवटच्या दारापर्यंत नेला. पडद्यावर काय चालले आहे ते वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगत होतो. दार उचलले गेले. आम्ही बाहेर पडलो.

“काय करतोय तो?”

“दार धरून उभा आहे.”

“इकडं बघतोय?”

“हो.”

“थांबा जरा.”

आम्ही थांबलो. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करीत होते, ती सुरू होईना. पडद्यावर राख पडत होती. बऱ्याच वेळाने वकीलसाहेब म्हणाले, “पाडा, सर.” मी बटण दाबले. दाराचा आवाज झाला, आणि त्यानंतर त्यांना काही सांगावे लागले नाही.

मग त्यांनी मत सांगितले आणि मी ते टंकलिखित केले: “मी हा खेळ पूर्ण पाहिला. सुरुवात संथ आहे, ही तक्रार बरोबर. नकाशा हवा होता. दार पाडताना हात थांबतो, तो दोष खेळाचा नाही. पास.” त्या पानावरचे ते एकमेव मराठी मत. ही कोणती भाषा, असे खाली कोणीतरी इंग्रजीत विचारले. नकाशाविषयीचे वाक्य त्यांनी माझ्यासाठी घातले होते, हे नंतर माझ्या लक्षात आले. खेळाविषयीचे लोकांचे मत अर्थातच बदलले नाही. राखगड होता तिथेच राहिला.

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि भाईजानना फोन केला. भाईजान पहिल्याच एसटीने आले. उंच, वाळलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी धाकट्या भावाची बॅग एका खांद्यावर घेतली आणि दुसरा खांदा त्याच्या हाताखाली दिला. गेमचे यंत्र आणि वेताची खुर्ची वकीलसाहेबांनी माझ्याकडे ठेवली. “गावात लाइटीचा भरोसा नाय. आणि इथं कुणी आलं तर पूल ओलांडायला पाहिजे ना?” जिन्यावरून उतरताना भाईजान त्यांच्या डाव्या बाजूला होते, आणि वकीलसाहेब डावीकडची भिंत धरावी तसे त्यांना धरून उतरत होते.

फोनवर मी त्यांना नवी मते वाचून दाखवीत असे. ती अलीकडे क्वचितच येत. थंडीत एका सकाळी माझा फोन भाईजानांनी उचलला. वकीलसाहेब रात्री झोपेतच गेले होते.

वकीलसाहेबांच्या फंडाच्या कामासाठी भाईजान गेल्या महिन्यात शेंद्र्याला आले होते. परतताना माझ्याकडे आले. पाणी प्यायले आणि कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहत राहिले.

“मास्तर, त्यो कसला खेळ खेळत व्हता? म्या इचारलं एकदा. म्हणला, सांगून समजत नाय.”

उत्तर माझ्याजवळ तयार होते, व्यवस्थित मुद्द्यांसह. ते मी दिले नाही. वेताची खुर्ची पुढे ओढली. “बसा, भाईजान. आधी पूल ओलांडा, मग बोलू.”

कुठले बटण कशाचे, एवढे दाखवून मी आत जाऊन चहा ठेवला. नांगराच्या मुठीला सरावलेल्या त्या बोटांत कंट्रोलर अगदीच लहान दिसत होता. ते पडले, पुन्हा उठले. “लई अंधार हाय हितं,” एवढेच एकदा म्हणाले. मी फक्त कप भरला. उन्हे कलली. त्यांची शेवटची एसटी चुकेल असे मनात आले, पण दंडक मोडणे मला शक्य नव्हते. अखेर त्यांना भिंत सापडली. पलीकडे पाय पडला, आणि राखेतून तो उंच मनुष्य कंदील उंचावून पुढे आला.

भाईजान दोन पावले चालले, तोही चालला. ते थांबले, तोही थांबला.

“ह्यो तर माझ्यासंगं चालतोय,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. “शेवटच्या दारापर्यंत.”