घिवलीची फौजदारी डाळ

लग्न होऊन घिवलीला आले आणि तिसऱ्याच दिवशी तुरीच्या डाळीनं माझी अब्रू काढली... साठचं दशक सरत आलं होतं. ह्यांना तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरची नोकरी, आणि आम्ही दोघं खानदेशातून उठून थेट समुद्राकाठच्या एका खोलीत.

माहेरी मी डाळीसाठी नावाजलेली हो! कांदा-खोबरं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायचं, वर तेलाचा लालभडक तवंग. आमच्याकडे हिला फौजदारी डाळ म्हणतात... खाणाऱ्याला घाम फोडते म्हणून असेल.

पण घिवलीत डाळ शिजेचना! दोन दोन तास रटरटली तरी डाळ एकीकडे नि पाणी एकीकडे. मसाला फक्कड, आणि दाताखाली खडे... हे बिचारे गुपचूप जेवायचे, पण कुडुमकुडुम आवाज काय लपतो?

त्यात ह्यांनी गंमत म्हणून घरी पत्रात लिहिलं, की इथे डाळ काही शिजत नाही. झालं! सासूबाईंचं उलट टपाली कार्ड आलं... मी येते आहे, सुनेला साधी डाळ जमत नसेल तर तिला घेऊन जाते, वर्षभर माझ्या हाताखाली राहील.

वर्षभर! अजून अंगाची हळद उतरली नव्हती माझ्या... कार्ड वाचलं आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. एकोणीस वर्षांचं वय, नुकता कुठे ह्यांच्याशी मोकळं बोलायला लागले होते.

शेजारची जमनामावशी मासे विकायची. बोंबील वाळत घालता घालता तिनं विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं तर म्हणते, "रडते कशाला बाय? गोडं पानी घाल डालीत, मंग बघ कशी शिजत नाय ती!" मला इतकं हायसं वाटलं... तडक घरी आले आणि आधणात चांगला मूठभर गूळ टाकला.

आता हसा पोटभर... डाळ आणखीच टणक झाली, आणि वर चिकट गोड. मावशीनं मुद्दाम फजिती केली असं वाटून मी दोन दिवस तिच्याशी बोललेच नाही.

सासूबाई सुरतेला गाडी बदलून बोईसरला उतरल्या, त्या पिशवीत घरच्या शेतातली डाळ घेऊनच. खोलीत आल्या, हातपाय धुतले, "सरक" एवढंच म्हणाल्या आणि चुलीपुढे बसल्या. मी दाराशी उभी.

एक तास झाला... दोन झाले. सासूबाई पळीत दाणा घेऊन चेपून बघायच्या, नि तो टुणकन निसटायचा! फुंकणीनं जाळ वाढवला, तेलाचा थेंब सोडला, शेवटी कुलदैवतालाही साकडं घातलं. मला हसू आवरेना, आणि हसले तर मेलेच.

तेवढ्यात जमनामावशी दारात. "गोडं पानी नाय घातलं का?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, घातला होता की मूठभर गूळ! मावशी उंबऱ्यावरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"गूल नाय गं येडे! तुमची ही इहीर खारी हाय. वाडीतल्या इहिरीचं पानी गोडं हाय, आमी सगली तिथलंच आनतो रांधायला."

हात्तिच्या! पिण्यापुरतं पाणी हे साइटवरून डब्यातून आणायचे आणि मी स्वयंपाक अंगणातल्या खाऱ्या पाण्यात करत बसले होते... कळशी उचलली आणि नारळीच्या वाडीकडे धावत सुटले. परत येऊन सासूबाईंना म्हटलं, तुम्ही जरा सरकता का? सरकल्या हो!

त्यांचीच डाळ नव्यानं टाकली. तासाभरात अशी मऊ, की नुसत्या पळीनं घोटली गेली. मग तेलात काळं वाटण पडलं आणि खोलीभर असा ठसका उठला की मावशी खोकत खोकत बाहेर पळाली.

सासूबाईंनी भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला... मग दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तिसऱ्यांदा केली. कपाळाचा घाम पुसत शेजारी जेवायला बसलेल्या ह्यांना म्हणाल्या, "हिला नेली तर तू उपाशी मरशील रे. राहू दे इथंच."

मनातल्या मनात मी जी फुगडी घातली ना!

चार दिवसांनी त्या एकट्याच गावी परतल्या. दिवाळीला आम्ही गेलो, तर गल्लीतल्या बायका मला बघायला जमलेल्या. सासूबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की तिकडे माझी डाळ शिजली नाही, सुनेची शिजली... काय हात आहे पोरीचा!

पाण्याचं अवाक्षर काढलं नव्हतं त्यांनी. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर डोळ्यांनीच दटावलं. त्या होत्या तोवर गप्पच बसले... आज त्या नाहीत, म्हणून लिहिते. अशी सासू मिळाली मला, नशीब थोर माझं.