सगळं गाव भाड्याने

झूटरमेर या डच शहरातल्या आमच्या इमारतीत नीळकंठ माझ्या अगदी खालच्या मजल्यावर राहतो. माशाचा वास आला की हा माणूस खिडक्या लावून घेतो. बाजाराच्या दिवशी मासेवाल्याची गाडी जिथे उभी राहते, तिथून जायला नको म्हणून सायकल लांबच्या रस्त्याने नेतो. अशा माणसाने इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावर, कोळ्यांच्या गावात घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याची बायको लतिका माझ्याकडे येऊन धपकन खुर्चीत बसली.

"शोभाताई, लॉकडाऊनमध्ये लोक पाव भाजायला शिकले. आमच्याकडे हे!"

मी हसले. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, ऑफिसं उघडली की उतरेल. नीळकंठचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, बँकेची सॉफ्टवेअरं तपासायचं काम. ते ऑफिस काही उघडेना आणि खूळ काही उतरेना.

तसा तो खुळा नाही. वडील पोस्टात, सतत बदल्या, त्यामुळे लहानपण सगळं सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. नंतर पुण्यात भाड्याच्या खोल्या, मग इथे भाड्याचा फ्लॅट. घरमालक काय म्हणेल म्हणून भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की आई-वडिलांचा फोटोसुद्धा त्याने टेबलावर टेकवून ठेवलेला आहे. "जगाच्या पाठीवर माझ्या नावाची वीतभर जागा असावी, बास," असं तो म्हणायचा. हसत म्हणायचा, पण ते त्याला आतून बोचत होतं हे मला दिसायचं.

लतिकाचं म्हणणंही चूक नव्हतं. तिला घर हवं होतं ते इथे, झूटरमेरमध्ये, पुढे छोटी बाग आणि मुलीच्या, संहिताच्या, शाळेजवळ. साठवलेले पैसे त्यासाठी होते. "ते समुद्रात टाकायचे असतील तर तू एकटा जा पोहायला. मी सही करणार नाही आणि येणारही नाही," असं तिने सांगून टाकलं होतं. पंधरा वर्षांच्या संसारात ती दोघं पहिल्यांदाच इतकी भांडत होती, आणि मला वर बसून सगळं ऐकू येत होतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमच्या चौकातला टोको. इंडोनेशियन जेवण बांधून देणाऱ्या दुकानाला इथे टोको म्हणतात. तो चालवणाऱ्या रत्नाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या आणि तुरुतुरु चालणाऱ्या. त्यांना सगळे इबू रत्ना म्हणतात. इबू म्हणजे आई. एका डच जहाज-इंजिनियरशी लग्न करून त्या इकडे आल्या, आता नवरा नाही. घरून काम करून कंटाळलेला नीळकंठ रोज दुपारी तिथे टोफू आणि शेंगदाण्याची चटणी आणायला जाऊ लागला. दीड मीटरवर उभं राहून, तोंडावर मास्क लावून, त्याने हळूहळू बाईंचं अख्खं गाव ऐकलं.

गावाचं नाव काम्पुंग बारू, म्हणजे आपल्याकडचं नवेगाव. पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरं. रात्री दिवे लावून माकुल पकडायला बोटी निघतात. अंगणात बांबूच्या ताट्यांवर मासळी वाळत घातलेली, तिच्यावर मांजरांचा डोळा. बोट आठवड्यातून दोनदा, वीज फक्त संध्याकाळी, आणि फोनची रेंज धक्क्याच्या अगदी टोकाला. बाईंच्या आई-वडिलांचं घर तिथे रिकामं पडलेलं, भाऊ हासान त्याची राखण करतो. विमानतळ होणार, पर्यटक येणार, असं गावात पंधरा वर्षं बोललं जातंय.

"दोन खोल्या पाहुण्यांना, एका खोलीत लॅपटॉप," नीळकंठ मला जिन्यात अडवून सांगे. "आणि विमानतळ झाला की जागेचा भाव बघा!"

"आणि मासे?" मी विचारलं.

"वाऱ्याची दिशा बघून बसायचं."

वर त्याने तिथली बोली, बहासा, शिकायला घेतली. ती शिकताना तर तो हवेतच तरंगायला लागला. बहासा म्हणजे भाषा. नामा म्हणजे नाव. इस्त्री म्हणजे बायको. हे कळल्यावर लतिकाने त्याला त्या दिवशी स्वतःचे शर्ट स्वतः कडक करायला लावले. "आपलीच भाषा आहे हो, नुसती थोडी वळवायची," असं म्हणून त्याने बाईंशी इंग्रजी आणि डच बोलणंच बंद केलं. व्यवहारसुद्धा बहासामध्येच. संहिता कपाळावर हात मारून डचमध्ये म्हणायची, "पापा, दू नॉर्माल!" म्हणजे, जरा माणसासारखं वाग.

एक दिवस बाईंनी जेवणाच्या कागदी पिशवीवर त्याला लिहून दिलं, 'हाक सेवा', पंचवीस वर्षं. आकडाही लिहिला, तो इतका लहान होता की नीळकंठ जिने धावत चढून थेट माझ्या दारात आला.

"हाक म्हणजे हक्क, सेवा म्हणजे सेवा! घर आपल्या हक्काचं, वर पंचवीस वर्षं गावचे लोक देखभाल करणार! कुठे मिळतं असं?"

मला काही कळत नव्हतं, पण कान टवकारले. इतकं स्वस्त आणि वर सेवा? पण त्याचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. त्याने पुढे स्वतःच ठरवलं की नुसती सेवा घेणं बरं दिसत नाही. आपणही गावासाठी काही करायला हवं, मुलांना कॉम्प्युटर शिकवू, सोलरचं बघू. मनाने चांगलाच आहे तो, वाद नाही.

एकवीसच्या जूनमध्ये निर्बंध सैल झाले, तेव्हा एका रविवारी सकाळी टोको उघडायच्या आधी तिथेच हासानशी व्हिडिओ कॉल ठरला. नीळकंठने इस्त्रीचा कुडता घातला होता. लतिका आली ती मोडता घालायलाच आली होती, आणि मी कशाला गेले हे विचारू नका.

पडद्यावर धक्का दिसला, पाठीमागे उन्हात चमचमणारं पाणी, आणि पांढऱ्या मिशांचे हासान. त्यांच्यामागे निम्मं गाव दाटीने उभं. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली होती. नीळकंठने नमस्कार केला आणि पाठ केलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, "साया माऊ सेवा!" मला सेवा करायची आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

हासान म्हणाले, "सेवा आपा?" कसली, असा प्रश्न.

नीळकंठला भरून आलं. त्याने दोन्ही हात पसरले. "सेवा सेमुआ! सेमुआ देसा!" सगळ्यांची! सगळ्या गावाची!

मग हासाननी मागे वळून काहीतरी ओरडून सांगितलं, आणि सगळा धक्का हसायला लागला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. एक म्हातारी पुढे घुसून कॅमेऱ्यात तोंड घालून काही विचारू लागली. इकडे रत्नाबाई काउंटर धरून खाली बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी.

"ती विचारतेय," त्या कशाबशा डचमध्ये म्हणाल्या, "माझी बोट पण घेणार का? जाळं फाटकं आहे, आधीच सांगते." मग डोळे पुसत, "नील, अरे, सेवा म्हणजे भाडं! तू सगळं गाव भाड्याने मागितलंस!"

लतिका आधी तोंड दाबून हसली, मग तोंड न दाबता. इतकी मोकळी हसलेली मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. मीही हसले. नीळकंठसुद्धा हसत होता, पण त्याचं हसू लवकर ओसरलं.

"म्हणजे घर माझ्या नावावर नाही होणार?"

"परदेशी माणसाच्या नावावर नाही होत. त्याला मिलिक म्हणतात, मालकी. तुला फक्त भाड्याने मिळेल, पंचवीस वर्षं. मी तुला पहिल्यापासून तेच सांगत होते, आणि तू मान डोलवत होतास."

"परत भाडेकरू," तो मराठीत म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

वाक्याचा अर्थ बाईंना कळला नसेल, पण चेहरा कळला. त्या त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ते घर माझ्या वाटणीचं होतं. मी इथला पासपोर्ट घेतला आणि ते हासानच्या नावावर करावं लागलं. मी त्या घरात जन्मले, नील. आता तिथे गेले तर मी पाहुणी."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. आपण इतकी वर्षं त्यांच्याकडून जेवण आणतोय आणि कधी विचारलं नाही. लतिकानेही हसू आवरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

नीळकंठ पडद्याकडे वळला. मग त्याने हासानना विचारलं, शब्द जुळवत, अडखळत. भाड्याच्या करारात नाव लिहायचं तर, "नामा इबू रत्ना, पर्तामा?" रत्नाबाईंचं नाव प्रथम? पर्तामा म्हणजे प्रथम. या वेळी त्याचा अंदाज अगदी बरोबर होता.

हासाननी मिशीवरून हात फिरवला. सख्ख्या बहिणीला भाडेकरू करायचं म्हणजे गाव मला काय म्हणेल, असं काहीतरी ते पुटपुटले, हे बाईंनी मागाहून सांगितलं. मग बहिणीकडे बघून त्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली, आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागले. रत्नाबाईंनी नीळकंठचा हात धरला होता. दीड मीटरचं भान कुणालाच नव्हतं.

"आणि तुझं?" त्यांनी विचारलं. "तुला तुझं नाव हवं होतं ना?"

"दुसऱ्या ओळीत चालेल."

लतिका खुर्ची सरकवून पडद्यासमोर आली आणि तिने केस कानामागे सारले.

"तिसऱ्या ओळीत माझं लिहायला सांग," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि त्या आजीला सांग, बोट पण घेतली."