खाऱ्या चहाची तीन मिनिटं

हे लिहायला मला बसवलंय माझ्या नातीनं, रिटानं. तिच्या मैत्रिणी दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वटार गावी आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि "आजोबा, तो चहाचा किस्सा" म्हणून मागं लागतात. केळींना टेकू लावायचं सोडून मी तेच तेच सांगत बसायचं. शेवटी रिटा म्हणाली, एकदाच लिहून टाका. चौथी शिकलेल्या माणसाला लिही म्हणायला हिचं काय जातं? आणि असले किस्से बावखलातल्या पाल्यासारखे. एक वर काढला की खालून दुसरा येतो.

बावखल म्हणजे बागेतलं तळं, वाडवडिलांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून शेजारची विहीर गोड राहते. रिटाची पीएचडी त्याच्यावरच. विद्यापीठाची स्पर्धा होती, आपलं संशोधन तीन मिनिटांच्या व्हिडिओत सांगायची. तिचे गाइड दामले सर तोंडावर म्हणाले, "अंतिम फेरीत आलीस तर ठीक, नाहीतर विषय बदल. डबक्यांवर कोण पीएचडी करतं?"

डबकी म्हणाला तो. मी तेव्हाच ठरवलं, पोरगी अंतिम फेरीत जाणार.

*

नियम असा की व्हिडिओ साध्या माणसाला कळला पाहिजे. घरातला साधा माणूस मी. सरांनी लिहून दिलेलं तिनं वाचलं, "भूजल पुनर्भरणातील पारंपरिक जलसंरचनांचं योगदान..."

"कळलं?"

"नाही."

बदलून वाचलं. नाही. परत वाचलं. नाही. सातव्या वेळी ती रडकुंडीला आली. "आजोबा, तुम्ही मुद्दाम करताय."

"मुद्दाम करायचं असतं तर पहिल्याच वेळी हो म्हणून झोपायला गेलो असतो."

*

शूटिंगला तिचा मित्र मनीष आला, नायगावच्या टॉवरमध्ये राहणारा. बावखल बघून म्हणतो, "अंकल, पानी थोडा ब्लू नहीं हो सकता क्या?"

मी म्हटलं, "होईल की. तुझा शर्ट निळाच आहे. उतर आत."

दुपारभर शूटिंग केलं. मोबाइलवर बघितलं तर हिरवं गटार. रिटा हळूच म्हणाली, "सर म्हणतात तसं डबकंच दिसतंय."

*

सांगून कळत नसेल तर पिऊन कळेल. माझा भाऊ पेद्रू कुंपणापलीकडे राहतो. त्यानं त्याचं बावखल बुजवून लग्नाचा हॉल बांधला आणि थोड्याच वर्षांत विहीर मचूळ, खारट झाली. मी कळशी घेऊन त्याच्या दारात.

"पाणी ने," तो म्हणाला, "पण माझं नाव नको घेऊस."

"व्हिडिओ तीनच मिनिटांचा आहे. तुझ्या नावाला जागा कुठून आणू?"

*

मग काम कुठवर आलं ते बघायला दामले सर घरी आले. सुनेनं त्यांच्यापुढं दोन कप ठेवले. पावडर तीच, दूध तेच. एक आमच्या विहिरीच्या पाण्याचा, एक पेद्रूच्या. मनीषचा कॅमेरा सरांना विचारूनच चालू होता.

पहिला घोट घेऊन सर म्हणाले, "छान."

दुसऱ्याला तोंड वाकडं केलं. "यात मीठ घातलंय."

"नाही घातलं."

"मी काय वेडा आहे? घरी आलेल्या माणसाला मीठ पाजता? अडाणीपणालाही काही हद्द असते."

सून ट्रे घेऊन तशीच उभी. माझ्या घरी पाहुण्याला असं कधी कुणी फसवलेलं नाही. पोरीसाठी मी तो कप उचलून बाजूला ठेवला. रिटानं सरांच्या हातात पाण्याचा खारेपणा मोजायचा मीटर दिला आणि त्यांना पेद्रूच्या विहिरीवर नेलं. पाणी त्यांनीच शेंदलं, मीटर त्यांनीच बुडवला. बघितला, रुमालानं पुसला, परत बुडवला.

परत येऊन मनीषला एवढंच म्हणाले, "माझा चेहरा काढून टाक. आवाज राहू दे."

*

व्हिडिओ झाला. दोन कप, एक हात आणि "यात मीठ घातलंय." मग पेद्रूची विहीर, मग बुजवलेली जागा, मग आमचं बावखल. रिटाची चारच वाक्यं.

"कळलं?"

"कळलं."

*

पोरगी अंतिम फेरीत गेली. विषय बदलायची भाषा कुणी काढली नाही. फेरीच्या दिवशी हॉलमध्ये मला सरांच्या शेजारी बसवलं. मध्ये चहा आला. सरांनी कप उचलला, त्यात बघितलं आणि माझ्यापुढं सरकवला.

"आधी तुम्ही घ्या."

मी घोट घेतला. "साखर जास्त आहे."

मग त्यांनी आपला घेतला. जरा वेळानं विचारलं, बावखलातला गाळ कधी काढता? मी म्हटलं, मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की. त्यांनी वहीत लिहून घेतलं. रिटाचं कौतुक केलं, मनीषच्या कॅमेऱ्याचं केलं, पेद्रूच्या विहिरीचीसुद्धा चौकशी केली. सुनेला अडाणी म्हटलं त्याबद्दल काही बोलतील म्हणून मी कप खाली ठेवून वाट बघत बसलो. अजून बघतोय. दामले सरांची.