काकांचा फ्लॅश, बेनचा कॅमेरा

कॅमेरा बेनचा होता आणि फ्लॅश माझा. दोन्ही एकमेकांत नीट बसले म्हणून मला वाटलं, जमलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत फ्लॅशचा पाय सरकवला, चाक फिरवून आवळलं, बटण दाबलं आणि खोली उजळली. यापुढे आणखी काही तपासायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

बेन म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या ज्या स्टुडिओत मी काम करते त्याच्या मालकीणबाई. गुजराती आहेत. नवरा गेल्यावर स्टुडिओ त्यांनी एकटीने चालवला. मी परभणीकडची, आठवीत शाळा सुटलेली. बहिणीच्या खोलीवर राहायला आले तेव्हा इथल्या तीन-चार स्टुडिओंत जाऊन विचारलं. सगळ्यांनी आधी शिक्षण विचारलं आणि मग चहा विचारला. बेननी दोन्ही विचारलं नाही. कॅमेरा हातात दिला आणि समोरच्या शिवणवाल्या बाईचा फोटो काढून आण म्हणाल्या. त्या बाईचा फोटो बघून एवढंच बोलल्या की हिला मी दहा वर्षं बघतेय, हसताना आज बघितली. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला. हे उपकार मी कुणाला सांगत बसत नाही, पण रोज सकाळी शटर वर करताना मनात असतंच.

दोन वर्षं मी त्यांच्यामागून बॅग घेऊन फिरले. मग एकाच दिवशी दोन कामं आली. घोडबंदरला वास्तुशांत होती आणि मोरव्यात साखरपुडा. वास्तुशांतीला त्या गेल्या, मोरव्याला मला एकटीला पाठवलं. चांगला फ्लॅश त्यांनी नेला, दुसरा मला दिला. त्यांच्याकडचे कॅमेरे दोनच. त्यातला नवा, नवरा गेल्यानंतर त्यांनी स्वतः पहिल्यांदा घेतलेला, तो माझ्या गळ्यात होता. जाताना म्हणाल्या, "कॅमेऱ्याला काय झालं तर मला सांग, लपवू नको. बाकी मी काय बोलत नाय."

मोरव्यातलं घर कोळ्यांचं, गल्लीच्या टोकाला. बाहेर मंडपात जेवणाची पंगत लागायची होती, पण साखरपुडा आतल्या खोलीत ठेवला होता. नवरीच्या आजीचा पाय मोडलेला, ती पलंगावरून उठू शकत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांदेखत अंगठी घातली जावी असं सगळ्यांचं ठरलेलं. खोली मोठी पण अंधारी. खिडक्या दोनच, त्यातल्या एकीवर बाहेरून मंडपाचं कापड आलेलं. ट्यूबलाइट होत्या, पण त्यांच्या उजेडात माणसं आजारी दिसतात.

मी बेनचा फ्लॅश लावला तर त्याचा लाल दिवा लागेचना. सेल बदलले. पुसून पाहिलं. नाहीच. भटजी बोलावत होते.

माझ्या बॅगेत खाली, टॉवेलात गुंडाळलेला आणखी एक फ्लॅश होता. शाळा सुटल्यावर मी आमच्या तालुक्याच्या गावी एका फोटोवाल्या काकांकडे पासपोर्ट फोटो कापायला बसायचे. काम त्यांनीच शिकवलं. रोलचा जमाना संपला, त्यांनी दुकान आवरलं, आणि मी मुंबईकडे निघाले तेव्हा हा फ्लॅश दिला. बोलले काय, तर सेल काढून ठेवत जा, नाहीतर गळतात. मी तो वापरत नव्हते, पण अंगारा ठेवावा तसा प्रत्येक कामाला बॅगेत ठेवायचे.

बेनना फोन करायला हवा होता. आता लिहिताना हे एका वाक्यात येतं. तेव्हा मनात आलं, पहिल्याच एकटीच्या कामात दहा मिनिटांत फोन केला तर त्या म्हणतील, हिला उगाच पाठवलं. म्हणून नाही केला. काकांचा फ्लॅश खाचेत सरकवला.

त्याने काम चोख केलं. फ्लॅशच्या मागच्या तक्त्यावर अंतर बघायचं आणि कॅमेऱ्याच्या छिद्राचा तेवढा आकडा लावायचा, हे मला झोपेतही येतं. ओटी झाली, साखर भरवली, अंगठ्या घातल्या. ऐंशी-नव्वद फोटो झाले असतील. प्रत्येक फोटोनंतर फ्लॅश भरताना बारीक शीळ घालायचा, आणि मला तो आवाज ऐकून बरं वाटत होतं, गावाकडचं कुणी सोबत असल्यासारखं.

त्या शिळेनेच सगळं बाहेर आलं. आजीच्या पलंगाभोवती दोन्हीकडची माणसं उभी करून मोठा फोटो काढायचा होता. मी माणसं लावत होते, तेवढ्यात नवरीचे मामा जवळ आले. मीरा रोडला त्यांचं टीव्ही-मिक्सर रिपेरिंगचं दुकान आहे.

"ताई, एक मिनिट. हा आवाज ह्याचाच येतोय ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी फ्लॅश बघायला मागितला. मी काढून दिला. उलटा करून त्याच्या पायाकडे बघत राहिले. मग विचारलं, कॅमेरा कुणाचा. म्हटलं, मालकिणीचा. ते बाहेर गेले आणि स्कूटरच्या डिकीतून मीटर घेऊन आले. एक सुई पायाच्या मधल्या टिकलीला लावली, दुसरी कडेला. आकडा दोनशे चाळीसच्या वर जाऊन थांबला.

"घरातल्या बोर्डात येतो तेवढा व्होल्टेज," ते हळू आवाजात म्हणाले. "माणसाला काय नाय होत ह्याने, त्यात जीव नसतो. पण जुन्या कॅमेऱ्यात नुसतं लोखंडी बटण असायचं, ते सहन करायचं. ह्याच्यात सगळं नाजूक काम. किती मारलेत आतापर्यंत?"

"ऐंशी. जास्तच."

"मग वाचला असेल तर नशीब. तुमच्या कॅमेऱ्याला किती चालतो, माहितीय?"

मला माहीत नव्हतं. कॅमेऱ्याचं पुस्तक बॅगेच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, पण ते इंग्रजीत. दोन वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं. उघडलं असतं तरी चित्रंच बघितली असती. नवरी बी.कॉम. होती. ती म्हणाली, दे इकडे. मेंदी लावलेल्या हाताने पानं उलटत, सगळी माणसं खोळंबलेली असताना ती वाचत राहिली. मग एका जागी बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जास्त व्होल्टेजचा फ्लॅश लावू नका, कॅमेरा खराब होईल, असं लिहिलंय."

कॅमेरा चालू होता, पडदा उजळत होता, पण आत काय जळलंय ते मला दिसणार नव्हतं. बेनचा चेहरा आठवला. परत जाऊन पासपोर्ट फोटो कापायचं कामही उरलं नव्हतं, काकांचं दुकान बंद झालेलं. बहिणीच्या नवऱ्याला काय सांगायचं हेसुद्धा मनात येऊन गेलं. माणूस घाबरला की किती लांबचं बघतो.

खोलीत मात्र चुळबूळ सुरू झाली होती. मुलाकडच्यांना अर्नाळ्याला परतायचं होतं. कुणी म्हणालं, मोबाईलवर काढा, चांगला येतो. नवरीची एक मावशी म्हणाली, मग फोटोवाली काय जेवायला बोलावली का. दोघीतिघी हसल्या. मामा म्हणाले, दुकानात रिपेरिंगला आलेला कुणाचा तरी फ्लॅश आणतो, पण ह्या वेळेला मीरा रोडला जाऊन यायला तास जाईल. तासभर कुणी थांबणार नव्हतं, आणि बाहेर उन्हात फोटो काढावा तर आजी हलू शकत नव्हती. आजीशिवाय फोटो कुणालाच नको होता.

तेव्हा एक आठवलं. काकांच्या कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत एक वायर असायची. लग्नाच्या गर्दीत ती कधी तुटायची. मग काका दिवे घालवायला लावायचे, मला कॅमेऱ्याचं बटण दाबून धरायला सांगायचे, आणि अंधारात स्वतः फ्लॅश हातात धरून त्याच्या पाठीवरचं छोटं बटण दाबायचे. कॅमेऱ्याचा डोळा उघडाच असतो. अंधारात त्याला काही दिसत नाही, फक्त वीज पडते तेवढंच दिसतं. फ्लॅश कॅमेऱ्याला शिवतसुद्धा नाही.

मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "चालेल की. ह्यात कॅमेऱ्याला काय धोका नाय."

अडलं ते आजीपाशी. दिवे घालवायचे म्हटल्यावर ती पलंगावरून म्हणाली, "शुभ कार्यान दिवं मालवतान का गो बाय? न्हाय. माझ्या घरान न्हाय."

कुणी तिला समजवायला गेलं नाही, त्या घरात तशी पद्धतच नसावी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पलंगाजवळ खाली बसले. मग खरं तेच सांगितलं, की आजी, हा कॅमेरा माझा नाही, माझ्या हातून बिघडलाय की काय माहीत नाही, आणि आता दुसऱ्या कुठल्या मार्गाने तुमचा फोटो येणार नाही. देवाजवळची समई तशीच राहू दे. फक्त भिंतीवरची बटणं बंद करते.

आजीने समईकडे बघितलं. मग विचारलं, "ती ऱ्हायल ना?"

"राहील. फोटोतपण येईल."

"मंग कर. पन लवकर."

कॅमेरा स्टँडवर लावला. दोन सेकंद डोळा उघडा राहील असं केलं. बटण दाबल्यावर थोडं थांबून उघडेल असंही केलं, म्हणजे मला फ्लॅश घेऊन बाजूला जायला वेळ मिळेल. दार लावलं, उघडी खिडकी लावली. मामांनी बटणं बंद केली. दिवसाउजेडी खोलीत अंधार झाला, समईच्या दोन वाती तेवढ्या राहिल्या. पंचवीस माणसं श्वास धरून उभी. मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त अत्तराचा, फुलांचा आणि बाहेरून वाटणाचा वास.

खट् झालं. माझा अंगठा वेळेवर दाबलाच गेला नाही. घामाने निसटला. परत खट् झालं, डोळा मिटला. फोटो काळा.

"झाला?" अंधारातून मावशीचा आवाज.

"नाही. परत."

"अंगठी चाचपून बघ गो, अंधार हाय," दुसरं कुणी नवरीला म्हणालं आणि सगळी खोली हसली. मी अंगठा साडीला पुसला. खट् ऐकलं, मनात एक म्हटलं आणि दाबलं. वीज पडली. सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले आणि गेले. फ्लॅश शीळ घालायला लागला.

पडद्यावर फोटो आला तेव्हा मी आधी लहान करून बघितला, भीतीने. मग मोठा केला. आजी मध्ये बसलेली, हसता हसता तोंड मिटायचं राहून गेलेलं. नवरीचा हात तिच्या खांद्यावर. समईच्या दोन्ही ज्योती कोपऱ्यात. सावली मागच्या भिंतीवर तिरकी गेली होती, कारण मी बाजूला उभी होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या ऐंशी-नव्वद फोटोंपेक्षा हा चांगला होता. आणखी दोन काढले. मग दिवे लावले. आजीने मला जेवून जा सांगितलं. मी बसले. शेजारी मामा बसले होते. ते म्हणाले, मालकिणीला काही सांगू नका, कॅमेरा चालतोय ना, पुढे कधी बंद पडला तर कुणाला कळणारे. चांगल्या मनाने म्हणाले.

रिक्षात मी तेच घोळवत होते. कार्डमध्ये फोटो चांगले होते. कॅमेरा चालत होता. गप्प बसले तर आजचा दिवस निघून जाईल. पण मग उद्या बेन हा कॅमेरा गळ्यात घालून कुणाच्या तरी लग्नात उभ्या राहतील, हार घालायची वेळ येईल, आणि त्या बटण दाबतील.

बेन सहाच्या सुमाराला स्टुडिओत आल्या. बॅग खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगितलं. बेनचा फ्लॅश चालला नाही, मी माझा लावला, मीटर, पुस्तक, सगळं. काही सोडलं नाही. मामा काय म्हणाले ते मात्र नाही सांगितलं.

त्यांनी त्यांच्या बॅगेतला चांगला फ्लॅश काढला, माझ्या गळ्यातला कॅमेरा घेतला आणि त्यावर चढवला. बटण दाबलं. फोटो निघाला, फ्लॅश पेटला नाही. काढून परत बसवला. नाही. मग तोच फ्लॅश त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर लावला. लख्खकन पेटला. आता शंकाच उरली नाही. कॅमेऱ्याची खाच गेली होती, बहुतेक काकांच्या फ्लॅशच्या शेवटच्याच फोटोला, आणि ती मी घालवली होती.

बेन स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिल्या. मी उभीच. कापून घ्या पगारातून, असं म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"फोन का नाय केला?"

"तुम्हाला वाटलं असतं, हिला येत नाही."

"मला काय वाटलं असतं ते तू ठरवते?" आवाज चढला नव्हता. "दोन वर्स माझ्याबरोबर फिरते. मी कधी तुला बोलले, विचारू नको?"

कधीच बोलल्या नव्हत्या. मला तेव्हा रडू आलं, दिवसभरात पहिल्यांदा.

त्यांनी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. ओटीचे फोटो भराभर सरकवले. आजीच्या फोटोवर थांबल्या. जवळ जाऊन बघितलं. उजेड कुठून आला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही. मग कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि दारात थांबल्या.

"मी रागात हाय," त्या म्हणाल्या. "उद्या पण असणार. परवा पण. नऊला ये, पासपोर्टवाले लवकर येतात."

मी साडेआठपासून शटरसमोर उभी होते.